मूत्राशयाचं स्टिम्युलेटर: घेण्याआधी आणि घेतल्यावर

लघवीची भावना झाली की धरवतच नाही, संडासापर्यंत पोहोचेस्तोवर कपडे ओले होतात आणि औषधांनी उतार नाही, किंवा त्यांनी तोंडाला पडणारी कोरड सोसवत नाही. मूत्राशयाच्या नसेला विजेचे सौम्य स्पंद देणारं हे यंत्र अशांसाठी आहे. निव्वळ खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर ते चालत नाही. मार्ग अरुंद झाल्यानं लघवी अडत असेल तर आधी तो अडथळा काढावा लागतो.

चार इलेक्ट्रोडची बारीक तार माकडहाडाच्या वरच्या हाडातल्या छिद्रातून तिसऱ्या सॅक्रल (त्याच हाडातून निघणाऱ्या) नसेपाशी नेतात. बॅटरी कुल्ल्याच्या वरच्या भागात, कातडीखाली बसते. कायमचं बसवण्याआधी चाचणी घेता येते, ही या उपचाराची सर्वांत मोठी जमेची बाजू. चाचणीआधी किमान तीन दिवस डायरी लिहा: वेळ, मापाच्या भांड्यात मोजलेली लघवी, किती वेळा गळती, किती पॅड. त्रास निम्म्यानं घटला तर चाचणी यशस्वी धरतात. डायरी नसेल तर हा निकाल अंदाजावर जातो. चाचणीसाठी घातलेल्या पातळ, तात्पुरत्या तारेला पकड नसते, ती सहज सरकते. तिच्यावर फरक दिसला नाही म्हणून लगेच नाद सोडू नका. पकड असलेली कायमची तार घालून दुसरी चाचणी होऊ शकते का, ते नक्की विचारा.

मेडट्रॉनिक कंपनीच्या इंटरस्टिम या यंत्राला अमेरिकेत 1997 साली मान्यता मिळाली, ॲक्सॉनिक्स कंपनीच्या चार्ज होणाऱ्या यंत्राला 2019 साली. आता दोघांकडेही चार्जवालं आणि बिनचार्जचं असे दोन्ही प्रकार आहेत. चार्जवालं आकारानं लहान, अंगानं बारीक असलेल्यांना बरं. पण चार्जर बरोबर बॅटरीवर टेकवून ठेवावा लागतो, जरा सरकला की चार्जिंग थांबतं. हात थरथरत असतील किंवा विसरायला होत असेल, तर बिनचार्जचंच घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरी मेहनत सेटिंगची. गुदद्वार आणि जननेंद्रियाच्या आसपास हलकी फडफड जाणवली, तर जागा बरोबर. पायात किंवा बॅटरीपाशी झिणझिण्या आल्या तर प्रोग्रॅम बदलायला हवा. जोर वाढवून काही साधत नाही. नव्या प्रोग्रॅमला आठवडाभर द्या, रोज बदलू नका. काहीच जाणवत नाही पण गळती थांबली आहे? मग रिमोटला हात लावू नका.

गळती अचानक परतली तर आधी यंत्र चालू आहे ना ते बघा. चुंबकीय क्षेत्रानं किंवा सुरक्षा-दारानं ते बंद पडू शकतं. मग लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता तपासून घ्या. पडल्यानंतर असं झालं असेल तर तार सरकल्याची शंका घ्यावी. म्हणूनच सुरुवातीचे काही आठवडे खोल वाकणं, कंबर पिळणं आणि जड उचलणं टाळायचं. उठता-बसता झटका बसला तर रिमोटनं यंत्र बंद करून तारेची तपासणी करून घ्या. जखम लाल होऊन पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी दाखवा. संसर्ग आत गेला की बहुधा सगळंच काढावं लागतं.

फिजिओथेरपीतलं डायथर्मीचं (लहरींनी शरीरात खोलवर उष्णता देणारं) शेकणं पूर्ण वर्ज्य, यंत्र बंद असलं तरीही. गरोदरपण कळताच यंत्र बंद करून डॉक्टरांना सांगा. एमआरआय चालेल की नाही हे मॉडेलवर ठरतं, म्हणून यंत्राची माहिती असलेलं कार्ड कायम जवळ असू द्या. पुढे कधी यंत्र काढलं, तर तार अख्खी निघाली का हे लिहून घ्या. आत राहिलेला तुकडाही एमआरआयच्या वेळी सांगावा लागतो.