अणुभट्टी मोडायचा खर्च: पैसे कंपनीच्या वहीत, वेगळ्या ट्रस्टमध्ये की सरकारकडे?

सीए करणाऱ्या भाचीने परवा विचारलं, मामा, प्रोजेक्टमध्ये डीकमिशनिंगची, म्हणजे बंद झालेली अणुभट्टी मोडायच्या खर्चाची तीन मॉडेलं घेतलीत, जर्मनी, अमेरिका आणि आपलं, त्यातलं बरं कुठलं म्हणून लिहू? म्हटलं आधी तुझी एक्सेल उघड. तिने ५० वर्षांनी लागणारे १००० कोटी ५ टक्क्यांनी डिस्काउंट केले होते, म्हणजे पुढच्या पैशांची आजची किंमत काढली होती, आजची प्रोव्हिजन (वहीत दाखवायची तरतूद) आली ८७ कोटी. त्याच सेलमध्ये ३ टाकलं तर २२८ आणि १ टाकलं तर थेट ६०८. भट्टी तीच, कापायचं लोखंड तेवढंच, बदलला फक्त रेट. ही गंमत नाहीये, ब्रिटनच्या जुन्या अणुकेंद्रांची जबाबदारी ज्या सरकारी एनडीएकडे (न्यूक्लिअर डीकमिशनिंग ऑथॉरिटी) आहे तिची प्रोव्हिजन मार्च २०२२ ला सुमारे २३७ अब्ज पौंड होती आणि पुढच्या वर्षी १२४ अब्जांच्या आसपास आली, सेलाफील्ड या त्यातल्या सगळ्यात मोठ्या केंद्राचं काम काही एका वर्षात निम्मं उरकलं नव्हतं, सरकारने ठरवून दिलेले डिस्काउंट रेट वाढले एवढंच.

तर पहिली पद्धत, सगळं कंपनीच्या बॅलन्स शीटवर. इंड एएस (आपले हिशोबाचे नियम) किंवा आयएफआरएसमध्ये (आंतरराष्ट्रीय नियम) प्लांट उभा राहिला की शेवटी तो मोडायला लागणाऱ्या खर्चाची आजची किंमत एकीकडे मालमत्तेत आणि दुसरीकडे देण्यात धरायची, मालमत्तेवर घसारा काढत राहायचा आणि देणं दरवर्षी थोडं थोडं फुगतं ते व्याजखर्चात टाकायचं. रेट दर बॅलन्स शीटला नवा घ्यावा लागतो. अमेरिकन हिशोबपद्धतीत जुन्या अंदाजाचा रेट तसाच गोठलेला राहतो, त्यामुळे दोन देशांच्या कंपन्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून लगेच ही बरी ती वाईट म्हणू नका. एन्ट्री दोन्हीकडे चोख असते, पण एन्ट्री म्हणजे रोकड नाही ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. जर्मनीत हीच धाकधूक होती, शेवटी २०१७ मध्ये कंपन्यांकडून सुमारे २४ अब्ज युरो घेऊन कचरा सांभाळायच्या खर्चाची जबाबदारी केनफो नावाच्या सरकारी फंडाकडे दिली. भट्ट्या पाडायचं काम मात्र अजून कंपन्यांच्याच गळ्यात आहे, म्हणजे जर्मनी खरं तर अर्धं इकडे अर्धं तिकडे.

अमेरिकेत पैसे कंपनीच्या ताब्याबाहेरच्या ट्रस्टमध्ये जातात आणि चालू प्लांटला दर दोन वर्षांनी एनआरसीला (तिथली अणुकेंद्रांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) हिशोब द्यावा लागतो. मला हे सगळ्यात पटतं, कारण कंपनी बुडाली तरी तो गल्ला वेगळा राहतो. अर्थात त्या गल्ल्यातले पैसे बाजारात असतात, २००८ ला शेअर पडले तेव्हा बऱ्याच प्लांटच्या फंडात खड्डा पडला आणि एनआरसीने तो कसा भरणार म्हणून विचारणा केली. पण खड्डा दिसला तरी! शिवाय तिथे भट्टी बंद करून लगेच न मोडता थांबता येतं, एकूण मुदत ६० वर्षांची, तेवढ्यात फंड वाढतो आणि कोबाल्ट-६० सारखं किरणोत्सर्गी द्रव्य दर सव्वापाच वर्षांनी निम्मं होत जातं.

आपल्याकडे एनपीसीआयएल ही अणुकेंद्रं चालवणारी सरकारी कंपनी विजेच्या युनिटमागे २ पैसे घेते आणि ते अणुऊर्जा विभागाच्या डीकमिशनिंग फंडात जातात. सोपं आहे, कोणाला बिलात टोचतही नाही. पण भाचीला म्हटलं गुणाकार कर: ७०० मेगावॉटची भट्टी, ८० टक्के चालली, वर्षाला साधारण ४९० कोटी युनिट, म्हणजे ९.८ कोटी रुपये. चाळीस वर्षांत व्याज सोडून ३९२ कोटी. आता कॅलिफोर्नियाच्या सॅन ओनोफ्रेच्या दोन भट्ट्यांचा अंदाज होता ४.४ अब्ज डॉलर. मान्य, तिथली मजुरी आणि इथली मजुरी यात जमीन अस्मानाचं अंतर, त्या भट्ट्याही मोठ्या, आणि व्याज धरलं तर आपला फंडही बराच फुगेल. तरी २ पैसे पुरतात का हे कोणी तरी मांडून दाखवायला हवं, तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या आहेत म्हटल्यावर हा काही पुढच्या पिढीचा प्रश्न नाही.

म्हणून तिला सांगितलं, मालक सरकारच असेल तर आपलं मॉडेल चालेल पण दर ठरावीक वर्षांनी तपासायची अट घाल, आणि खासगी कंपन्या येणार असतील तर अमेरिकेचं लिही, डोळे झाकून नाही, कारण एनआरसीच्या किमान आकड्यात वापरलेलं इंधन सांभाळायचा खर्च धरलेलाच नसतो, जमीन पूर्ववत करायचाही नाही, तिघांची तुलना करताना नेमकं इथेच पाय घसरतो. तिने टेबलात आणखी एक कॉलम घातला, ‘यात काय काय धरलंय’. जर्मनीच्या ओळीत तो भरताना तिची संध्याकाळ गेली.