तलंगा म्हणून विकलेल्या म्हाताऱ्या कोंबड्या

तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, अंड्यावर आली हे कसं ओळखायचं, असं खेड्यात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. तुरा वाढून लालबुंद होतो, चोचीखाली लोंबणारी कातडीही लाल होते, पाठीवर हात ठेवला की पंख जरा पसरून ती खाली बसते, आणि मागच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन बोटं मावायला लागतात. या खुणा खऱ्या आहेत. आम्हाला फसवणाऱ्यानं नेमक्या याच खुणा एकेक करून दाखवल्या, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. म्हणून हे लिहितेय.

साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात आमचा बायकांचा बचत गट आहे. अंडी विकायची म्हणून चाळीस तलंगा घ्यायचं ठरलं. एक दिवसाची पिल्लं आणली तर अंडं दिसेपर्यंत साडेचार-पाच महिने नुसतं खाद्य घालायचं, त्यापेक्षा तयार पक्षी बरे, असा हिशेब. फोनवर जाहिरात फिरत होती: बीव्ही-३८० जातीच्या तलंगा, वय १८ आठवडे, लसीकरण पूर्ण, पंधरा दिवसांत अंडी. नगाला चारशे रुपये. निम्मे पैसे आधी फोनवरून पाठवायचे, निम्मे गाडी दारात आल्यावर.

गाडी आली दिवे लागल्यावर. रात्री पक्षी शांत राहतात, उन्हाचा ताण बसत नाही, असं विकणारा म्हणाला आणि ते बरोबरच आहे. पण पिवळ्या बल्बच्या उजेडात पायांचा रंग काही कळत नाही, हे त्यालाही माहीत असणार.

माणूस बोलायला साखर. "ताई, माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः हात लावून बघा." एक पक्षी काढला, पाठीवर हात ठेवला, तो दबून बसला. उलटा धरून माझ्या जावेला बोटं लावायला सांगितली. दोन काय, तीन मावली. तुरे तर सगळ्यांचेच लाल. वर एका क्रेटमध्ये अंडं निघालं. ते सासूबाईंच्या हातावर ठेवत म्हणाला, "मावशी, बघा, वाटेतच लक्ष्मी आली!" झालं, उरलेले पैसे दिले.

त्या अंड्यातच खरं तर सगळं होतं. ते भरदार होतं, साठ ग्रॅमच्या घरातलं. तलंगीचं पहिलं अंडं असं नसतं. ते चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं, हातात घेतल्यावर लहान वाटणारं, कधी कधी कवचावर रक्ताची बारीक रेघ असलेलं. 'अजून सुरू व्हायची आहे' म्हणून विकलेली कोंबडी दुकानात ठेवायच्या मापाचं अंडं देत असेल, तर ती कधीच सुरू झालेली आहे.

पुढचं थोडक्यात. चाळीस पक्ष्यांत रोज पाच-सहा अंडी, त्यातही काहींचं कवच इतकं पातळ की उचलताना फुटायचं. मग तीही थांबली आणि पिसं झडायला लागली. खाद्य मात्र चालू. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, म्हणजे रोज चार-पाच किलो लेअर मॅश मातीत. त्याला फोन केला की दर वेळी नवं कारण. जागा बदलली, थोडं थांबा. प्रकाश कमी पडतोय, संध्याकाळी दिवा लावा. पिसं झडतायत ना, नवी आली की घालतील. गंमत अशी की यातलं प्रत्येक कारण कुठल्या ना कुठल्या कोंबडीला लागू पडतंच. नंतर नंबर बंद.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन पक्षी नेले. डॉक्टरांनी तुरा, हाडं काही बघितलं नाही, आधी पाय बघितले. म्हणाले, या पिंजऱ्यातल्या बाद कोंबड्या आहेत. मोठ्या लेअर फार्मवर साधारण ७२ ते ८० आठवड्यांनंतर अंडी घटली की अख्खा कळप काढून टाकतात, तो माल किलोच्या भावानं मटणवाल्यांकडे जातो. तिथून उचललेली कोंबडी तलंग म्हणून विकली की मधला पैसा विकणाऱ्याचा.

लाल तुरा, दबून बसणं, हाडांतलं अंतर, या सगळ्या खुणा एवढंच सांगतात की कोंबडीचं अंड्याचं यंत्र चालू आहे किंवा चालू व्हायच्या बेतात आहे. ती तरुण आहे, हे त्यातली एकही सांगत नाही. वय वेगळं बघावं लागतं.

सगळ्यात भरवशाचे पाय. बीव्ही-३८०सारख्या पिवळ्या कातडीच्या जातीत खाद्यातला मक्याचा पिवळा रंग तलंगीच्या अंगात साठतो. अंडी सुरू झाली की तो बलकात जायला लागतो आणि अंग फिकं पडतं. आधी अंडं येतं ती जागा, मग डोळ्याभोवतीचं कडं, मग चोच, शेवटी पाय. पाय पांढुरके पडायला चार ते सहा महिने सतत अंडी द्यावी लागतात. आता १८ आठवडे म्हणजे चार महिने आणि वर थोडे दिवस. एवढ्या वयात तिचे पाय अंडी देऊन फिके पडतीलच कसे? एखाददुसरा पक्षी जंतांनी किंवा आजारानं फिका असेल, अख्खी गाडी नसते. (कडकनाथला हा नियम नाही, त्याचे पाय काळेच.)

मग नखं. पिंजऱ्यात जमीन उकरायला मिळत नाही, त्यामुळे वर्षभर पिंजऱ्यात राहिलेल्या कोंबडीची नखं लांब आणि वाकडी होतात. पायांवरचे खवले तलंगीचे गुळगुळीत, म्हातारीचे खरबरीत. गळ्याची पिसं खाद्याच्या पन्हाळीच्या तारेला घासून गेलेली. आमच्याकडे तो म्हणाला होता, गाडीत घासली. कापलेल्या चोचीवर मात्र जाऊ नका, तलंगांच्याही कापलेल्या असतात.

पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न, "माल मिळाला ना?" ऑनलाइन पैसे बुडाले तर १९३० ला फोन करा म्हणतात, पण आमच्या दारात चाळीस जिवंत कोंबड्या होत्या, तक्रार कशाची लिहायची यावरच घोडं अडलं. शेवटी त्या किलोनं विकल्या.

तयार तलंगा घ्यायच्याच असतील तर गाडी दिवसाउजेडी मागवा, क्रेटमधला पक्षी स्वतः निवडून बाहेर काढा, आणि पिल्लं कोणत्या तारखेला कुठल्या हॅचरीतून घेतली त्याची पावती बघा. ज्यानं खरंच १८ आठवडे पक्षी वाढवलेत त्याच्याकडे ती पावती आणि लसींच्या तारखा असतातच. ॲडव्हान्स मागितला तर आधी फार्मवर जाऊन या.

गेल्या आठवड्यात सांगलीकडच्या एका ग्रुपवर तीच जाहिरात आली. फोटो तोच, नंबर नवा. आता भाव साडेचारशे.