गिट शिकायचं ते टर्मिनलवर की एडिटरच्या बटणांवर?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. ते टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालवता येतं किंवा व्हीएस कोडसारख्या कोड लिहायच्या एडिटरमधल्या बटणांनी. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "दादा, व्हीएस कोडमध्ये बटण आहे ना, मग कमांड कशाला?" प्रश्न रास्त आहे.

बटणांनी पहिल्याच दिवशी कमिट करता येतं, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवता येतात. बदललेल्या ओळी लाल-हिरव्या रंगात शेजारी-शेजारी दिसतात. कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांनी केलेले वेगवेगळे बदल) सोडवायला मीसुद्धा एडिटरच उघडतो.

पण आत काय घडलं ते बटण सांगत नाही. 'सिंक' दाबलं की आधी पुल होतं (सर्व्हरवरचे बदल आपल्याकडे येतात), मग पुश (आपले तिकडे जातात). टर्मिनलवर ही दोन्ही पावलं आपणच टाकतो. 'गिट ॲड -पी' दिलं की बदलांचे तुकडे एकेक करून समोर येतात, प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणायचं. तपासायला टाकलेली आणि विसरून राहिलेली प्रिंटची ओळ इथेच सापडते.

गेल्या पावसाळ्यात विरारहून येणाऱ्या एका सहकारी मुलीचं दोन दिवसांचं काम 'रिसेट --हार्ड'ने (जुन्या कमिटवर नेऊन पुढचं पुसून टाकणाऱ्या कमांडने) गेलं. ती रडवेली झाली होती. एडिटरमध्ये काहीच दिसेना. 'गिट रिफ्लॉग' (आधी कोणकोणत्या कमिटवर होतो त्याची यादी) चालवलं, तिसऱ्या ओळीत तिचा कमिट होता! त्यावरून नवी ब्रँच (कामाची वेगळी शाखा) काढली आणि सगळं परत आलं. कमिट केलं होतं म्हणून वाचलं. न केलेलं रिफ्लॉगमध्ये नसतं.

शिवाय एसएसएचने (दूरच्या संगणकावर टर्मिनलमधून शिरायची सोय) सर्व्हरवर शिरलात की तिथे बटणं नसतात.

म्हणून पहिले पंधरा दिवस टर्मिनलच धरा. ब्रँच बदलणं आणि फाइल पूर्ववत करणं अशी दोन्ही कामं करणाऱ्या जुन्या 'चेकआउट'ने गोंधळ होत असेल, तर हीच कामं वाटून घेणाऱ्या, 2019 मध्ये आलेल्या 'स्विच' आणि 'रिस्टोर'पासून सुरुवात करा.