डाळिंबवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप : ताणापासून तोडणीपर्यंतचा अनुभव

सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याकडे आमची भगव्या जातीच्या डाळिंबाची बाग आहे. हस्त बहाराचा (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांवर धरायच्या पिकाचा) ताण चालू होता, म्हणजे फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी तोडलं होतं, तेव्हा मी या ग्रुपमध्ये आले. आता तोडणी उरकली, हिशेबही झाला, म्हणून सविस्तर लिहितेय. ग्रुपचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ॲडमिन नवीन माणूस घेताना बाग कुठे, झाडं किती, बहार कोणता हे विचारूनच घेतात, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं.

याआधी शेतीच्या बऱ्याच ग्रुपमध्ये होते. डागाचा फोटो टाकला की कुठलातरी दुकानदार औषधाचं नाव आणि दर पाठवायचा, बाकी सगळे अंगठा दाखवून मोकळे. फवारणी लागू पडली का, हे पुढे कुणी विचारायचं नाही.

इथला फरक मला परतीच्या पावसात कळला. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा. चार दिवस आभाळ उघडलं नाही आणि पानांवर बारीक काळपट ठिपके दिसले. फोटो टाकला. एकाने बुरशी म्हटलं, दुसऱ्याने तेल्या. तेवढ्यात मंगळवेढ्याच्या एका काकांचा मेसेज आला, "ताई, अंदाज नको. पान उजेडाकडं धरा आणि खालच्या बाजूनं फोटो काढा." तसं धरल्यावर ठिपक्याभोवतीची कड तेल लागलेल्या कागदासारखी पारदर्शक दिसली. तेल्याच होता. तेल्या जिवाणूजन्य, त्यामुळे नुसत्या बुरशीनाशकावर पैसे घालण्यात अर्थ नव्हता. रोगट पानं-फळं वेचून बागेबाहेर नेऊन जाळा, ओल्या बागेत माणसं फिरवू नका, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा, असं एकेकाने सांगितलं. फवारणीचं वेळापत्रक मात्र केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणेच धरायचं, हा इथला नियम.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. आठवडा झाला नसेल, त्याच काकांनी आपणहून विचारलं, "नवीन पालवीवर आलं का ओ?" मी पुन्हा फोटो टाकले, त्यावर पुन्हा चर्चा झाली. प्रत्येक प्रश्नाच्या खाली निकाल लिहायचाच, चांगला असो की वाईट, ही शिस्त त्यांनी सगळ्यांना लावली आहे. माझ्या लेखी या ग्रुपची किंमत त्या निकालांत आहे. सल्ले काय, बांधावरही फुकट मिळतात.

मर रोगाचंच बघा. एका सभासदाची जुनी बाग मरीने गेली. उपटलेल्या झाडाचं खोड आडवं कापून त्यांनी फोटो टाकला. आतल्या लाकडात तपकिरी-काळपट पट्टे स्पष्ट दिसत होते. आधी एकच फांदी पिवळी पडली होती, तेव्हा पाणी कमी पडलं असेल असं वाटलं होतं, हेही त्यांनी लिहिलं. बाग गेली हे चारचौघांत सांगायला धाडस लागतं. व्यापाऱ्याच्या कानावर गेलं तर दर पडेल, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. तरी त्यांनी सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी कितीतरी जण आपापल्या बागेत पिवळ्या फांद्या शोधत होते. त्या एका पोस्टचे उपकार मी विसरणार नाही.

छोट्या गोष्टीही खूप मिळाल्या. १ टक्का बोर्डो या फवारणीच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना हे सगळ्यांना पाठ असतं. पण द्रावणात लोखंडी खिळा बुडवून बघायचा, तांबूस थर चढला तर चुना आणखी घालायचा, हे इथे नव्या पोरांना व्हिडिओ करून दाखवलं जातं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. तोडणीच्या हंगामात बाजारभावाचे मेसेज इतके येतात की रोगाचा प्रश्न त्यात बुडून जातो. काही जण लांबलचक ऑडिओ टाकतात, त्यातलं नंतर काही शोधता येत नाही. पिन केलेला मेसेजही जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, म्हणजे पुढच्या बहाराला तो वर नसतो. निकालांची एक वही कुणीतरी ठेवायला हवी, आणि मी ॲडमिनना ते काम घ्यायला तयार असल्याचं कळवलं आहे. बायकाही फार कमी आहेत. बागेत राबतात त्या, ग्रुपमध्ये नंबर मालकांचा.

हस्त बहार धरणार असाल आणि ग्रुपमध्ये घेतलं, तर ताण चालू असतानाच जुन्या सभासदाकडून मागचे सप्टेंबर-ऑक्टोबरचे मेसेज मागवून वाचून घ्या, कारण आपण येण्याआधीचे मेसेज नव्या माणसाला आपोआप दिसत नाहीत. पावसातले प्रश्न त्यांत आहेत, आणि खाली निकालही.