एस८० टाकीसोबत एक हंगाम: काटा सांगत नाही ते

नोव्हेंबरात म्हापशातल्या एका जुन्या डायव्हरकडून मी स्कूबा डायव्हिंगची सेकंडहँड हवेची टाकी घेतली: लक्सफर कंपनीची अॅल्युमिनियमची एस८०. आता मे संपत आलाय. या हंगामात तिच्यासोबत २८ डायव्ह झाले, त्यातले २ मालवणला आणि बाकी सगळे गोव्याच्या ग्रँड आयलंडला. कुणी अशी टाकी घ्यायच्या विचारात असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी फजिती सांगतो. त्याआधीची दोन वर्षं मी क्लबची १२ लिटरची स्टीलची टाकी वापरत होतो आणि पाण्यात तरंगू नये म्हणून कमरेला ४ किलो शिसं लावत होतो. नवी टाकी घरच्या काट्यावर ठेवली तर वॉल्व्हसकट १५ किलो. स्टीलचीही जवळपास तेवढीच भरायची. म्हटलं, वजन तेच, मग शिसंही तेच! उतरताना पाय जरा जास्त मारावे लागले, पण खाली गेल्यावर पाण्याच्या दाबाने अंगातला रबरी सूट दाबला गेला आणि सगळं छान वाटलं. गडबड झाली ती शेवटी. वर येण्याआधी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, त्या सेफ्टी स्टॉपला थांबलो, गेजवर टाकीतल्या हवेचा दाब ५० बार होता, बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) हवेचा थेंब नव्हता, तरी मी वर सरकतोच आहे. दगड धरायला गेलो तर हाताला काहीच लागेना. तीन मिनिटांऐवजी वीसेक सेकंदांत पृष्ठभागावर. डायव्ह उथळ होता म्हणून निभावलं. तांडेल हसत म्हणाला, "पात्रांव, आज तूं बूच जालो!"

कारण साधं आहे, पण काट्यावर ते दिसत नाही. पाणी वजन बघत नाही, टाकीने किती जागा अडवली ते बघतं. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा कमी ताकदीचं, म्हणून भिंत जाड ठेवावी लागते. एस८० मध्ये नुसता धातूच ५ लिटरच्या वर जागा खातो, माझ्या ओळखीच्या स्टीलच्या टाकीत २ लिटरसुद्धा नाही. म्हणून आतली जागा ११.१ लिटर, म्हणजे स्टीलपेक्षा कमीच, पण बाहेरून मात्र ती जाडजूड. रिकामी एस८० समुद्रात साधारण २ किलोने वर ओढते, रिकामी स्टील १ किलोच्या आसपास खाली. शिशाचा ३ किलोचा फरक इथून येतो.

दुसरी गोष्ट हवेची. हवेला वजन असतं हे शाळेत पाठ केलेलं, पण २०० बारला या टाकीत अडीच किलोच्या वर हवा असते हे अंगावर आल्याशिवाय पटत नाही. भरलेली एस८० पाऊण किलोने बुडते आणि डायव्ह संपेपर्यंत तरंगायला लागते. स्टीलच्या टाकीतूनही तेवढीच हवा जाते, फक्त ती शेवटपर्यंत बुडतीच राहते. त्यामुळे वजनाची चाचणी मी आता डायव्हच्या शेवटी, ५० बार उरलेले असताना घेतो. ३ मिलिमीटर जाडीच्या सूटवर एस८० ला ६ किलो, स्टीलला ३. म्हणजे आधी स्टीलवर मी किलोभर फुकट वाहत होतो!

ओळखायची कशी? रंगावर जाऊ नका, गोव्यात सगळ्या टाक्या पिवळ्या नाहीतर चंदेरी. तळ सपाट असेल तर बहुतेक अॅल्युमिनियम. गोल तळ असून रबरी बूट घातलेला असेल तर स्टील. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. पण खरी कुंडली मानेजवळच्या खांद्यावर ठोकलेली असते. माझ्या टाकीवर ३एएल आणि ३००० आहे. ३एएल म्हणजे अमेरिकी मानकाची अॅल्युमिनियम टाकी, ३एए असेल तर स्टील. ३००० म्हणजे भरायचा दाब पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच), साधारण २०७ बार. युरोपी टाकीवर थेट लिटर, रिकामं वजन आणि २३२ बार असं सापडतं. शेजारी हायड्रो टेस्टचे, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकी तपासल्याचे, महिने-वर्षं असतात. जुनी घेत असाल तर त्यातली सगळ्यात जुनी तारीख बघा. लक्सफरने अमेरिकेत १९८८ मध्ये ६३५१ हा मिश्रधातू सोडून ६०६१ घेतला, कारण जुन्या धातूला मानेत तडे जायचे. मला आधी दुसऱ्या एका विक्रेत्याने तशीच जुन्या धातूची एक 'अगदी नवीसारखी' दाखवली होती. नमस्कार करून परत आलो.

आणि हो, नावात ८० असलं तरी हवा ७७.४ घनफूटच. त्यातून कॉम्प्रेसरवर घाईत भरली की टाकी तापते, आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर गेज १८० दाखवतं. क्लबवाले म्हणतात "फुल आहे". नाही, फुल नाही.

तक्रारी दोन. मोठी असल्याने बोटीच्या फळीवर लोळते, आणि शेवटी शेवटी तळ वर उचलते, त्यामुळे मला पट्टा दोन बोटं खाली बांधावा लागतो. एका मित्राने ३३०० पीएसआयची कॉम्पॅक्ट ८० सुचवली. ती रिकामी झाल्यावरही जवळजवळ तटस्थ राहते, ना बुडते ना तरंगते, हे खरं. पण आमच्याकडे भरतात २०० बारच, म्हणजे तिच्यात हवा आणखी कमी येणार. मी नको म्हटलं.

परवा माझ्या टाकीच्या तळाचा बूट काढला तर आत मिठाची पांढरी पूड. गोड्या पाण्याने धुऊन, २० बार ठेवून, उभी करून ठेवलीय. बूट अजून वाळतोय.