लेबल क्रेमोनाचं, वाद्य कारखान्यातलं

हातानं घडवलेलं जुनं इटालियन व्हायोलिन म्हणून कुणी तुम्हाला वाद्य दाखवत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्या मंडळाचे साठ हजार गेले. तोच माणूस आता रत्नागिरीकडच्या एका क्लासात दुसरं वाद्य दाखवून आलाय. आम्हाला त्यानं सांगितलं होतं की आजोबा गोव्यात चर्चमध्ये वाजवायचे. तिथे आजोबा मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात होते. लेबलवरचं साल मात्र दोन्हीकडे तेच, १७२१.

आम्ही सिंधुदुर्गातल्या एका लहान गावातली हौशी मंडळी. शिक्षक, शिंपी, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका. संध्याकाळी जमून अभंग, नाट्यपदं वाजवतो, सप्ताहात साथ करतो. आमच्यातल्या एका मुलीचा हात फार सुरेल आहे, पण तिच्या वाद्याच्या खुंट्या धरत नसत. एक राग संपेपर्यंत सा उतरलेला असे. तिच्यासाठी वर्गणी काढली. शिंपीकाकांनी गणपतीतल्या शिलाईचे पैसे दिले. त्या पैशांवर डल्ला मारलाय, याचा मला जास्त संताप आहे.

आजोबांची गोष्ट खोटी वाटावी अशी नव्हती. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकवलं गेलं, कितीतरी घरांत जुनी वाद्यं आहेत. आत लेबल होतं: आंतोनिउस स्त्रादिवारिउस, क्रेमोना. म्हणजे इटलीतल्या क्रेमोना गावचा जगप्रसिद्ध व्हायोलिन-कारागीर स्त्रादिवारी. ‘प्रत्यक्ष त्याचं नसेल काका, पण त्याच्या हाताखालच्या कारागिराचं नक्की,’ असं तो म्हणाला. इतकं सावध बोलणारा माणूस प्रामाणिकच वाटतो.

हे लेबल काहीच सिद्ध करत नाही. स्त्रादिवारी १७३७ साली वारला. त्याची आज शिल्लक असलेली वाद्यं साडेसहाशेच्या आसपास, आणि तज्ज्ञांना त्यातलं जवळजवळ प्रत्येक ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत मार्कनॉयकिर्शेन आणि फ्रान्समध्ये मीरकूर या गावांच्या परिसरातून ढिगांनी स्वस्त व्हायोलिनं बाहेर पडली. वाद्य कुणाच्या नमुन्यावर बेतलंय, हे सांगायला त्यांतल्या असंख्य वाद्यांत हेच लेबल डकवलेलं असे. आमचं तर तेवढंही जुनं निघालं नाही.

साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या पोटातला छोटा लाकडी खांब, बसवायला वाद्य मिरजेला नेलं तेव्हा उलगडा झाला. तिथल्या कारागिरानं ते दिव्याखाली आडवं धरलं आणि कडेच्या दुहेरी काळ्या रेघेवर नख फिरवलं. चांगल्या वाद्यात कडेनं खाच कोरून त्यात लाकडाच्या बारीक पट्ट्या बसवतात. कडेची चीर त्यामुळे आत धावत नाही. इथे नुसती रंगाची रेघ होती. फिंगरबोर्डावर बोटं पडतात तिथला काळा रंग उडून खालून पिवळट लाकूड दिसत होतं. खरं आबनुसाचं काळं लाकूड असतं तर आतपर्यंत काळंच असतं. मग दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा त्यानं फटीतून आत घातला. खर्जाच्या तारेखालची लांब उभी पट्टी वेगळी चिकटवलेली नव्हती, वरच्या फळीच्या लाकडातच ओबडधोबड कोरून ठेवलेली होती. लेबलाचा कागद चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा तपकिरी, आणि त्याच्या कडेला ताजा पांढरा गोंद. ‘दहा-बारा हजारांचं आहे,’ तो म्हणाला.

दहा-बारा हजारांचं कारखान्यातलं वाद्य वाईट नसतं. नीट लावून घेतलं तर शिकणाऱ्याला पुष्कळ पुरतं. त्याच किमतीला मिळालं असतं तर आमची काही तक्रार नव्हती.

वाद्य आधी मिरजेला दाखवू, असं आम्ही त्याला सुचवलं होतं. कोकणातून घाटावर नेलं तर हवा बदलून लाकूड तडकेल, असं त्यानं सांगितलं. गोव्याचं गिऱ्हाईक उद्या येतंय, हेही त्याच दमात. व्हायोलिन पेटीत घालून लोक देशोदेशी नेतात. घाट चढल्यानं ते तडकत नाही.

पोलिसांकडे गेलो तेव्हा पावती पाहिली: ‘जुने व्हायोलिन, १ नग.’ इटलीचा उल्लेख नाही, साल नाही, हातकामाचा शब्द नाही. पैसे त्याच्या भावाच्या खात्यावर गेलेले. तोंडी सांगितलेलं सिद्ध कसं करणार, असं विचारून अर्ज तेवढा ठेवून घेतला. म्हणून विकणारा जे जे तोंडानं सांगतो ते पावतीवर त्याच्या सहीनं लिहून घ्या, आणि कारागिरानं पाहून नापसंत केलं तर पैसे परत, हीसुद्धा ओळ त्यात घाला. रत्नागिरीच्या क्लासानं त्याच्याकडे एवढंच मागितलं. त्यानंतर तो त्यांचा फोन उचलत नाही.