ढीगभर पुस्तकं लिहिणाऱ्या डिझायनरचं एकच घ्यायचं तर कुठलं?

टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायच्या खेळांत, काही डिझायनर असे आहेत की त्यांचा हातच थांबत नाही, एक पुस्तक वाचून होईपर्यंत दुसरं आलेलं असतं. आपल्यासारख्यांची पंचाईत होते. सगळी घ्यायची ऐपत नाही, आणि गोव्याची हवा तर पुस्तकांची दुश्मनच, जूनमध्ये कपाटात ठेवलेलं जाड ग्लॉसी हार्डबाउंड चवथीला उघडून बघा, पानांना लाटा आणि बाइंडिंगला पांढरी बुरशी. म्हणून मी एक नियमच करून टाकलाय, एका डिझायनरचं एकच पुस्तक, त्याची मूळ खोड ज्यात सगळ्यात स्वच्छ दिसते ते. कारण कितीही लिहोत, प्रत्येकाच्या डोक्यात एकच किडा वळवळत असतो असं माझं मत झालंय. तो किडा पटला तर बाकीची पुस्तकं पीडीएफमध्ये घ्या, नाही पटला तर पैसे वाचले.

केनेथ हाइटपासून सुरू करतो, कारण आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त चाललेलं पुस्तक त्याचं आहे, 'ट्रेल ऑफ कथुलू', लव्हक्राफ्टच्या भयकथांवरचा शोधाशोधीचा खेळ, 2008 चं. यातली गमशू सिस्टिम, म्हणजे नियमांचा सांगाडा, मुळात रॉबिन लॉजची, आधी 'द एसोटेररिस्ट्स'मध्ये आलेली, म्हणजे एका पुस्तकात दोन लिहित्या हातांचा माल मिळतो. मुद्दा साधा आहे. जुन्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये लायब्ररीत शोधाशोध करताना डाईस उलटा पडला की पुरावा गेला आणि मग जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा) घाम पुसत बसतो की आता गोष्ट पुढे न्यायची कशी. इथे तुमच्या कॅरेक्टरकडे ती स्किल आहे आणि तुम्ही योग्य जागी बघताय ना, मग मुख्य पुरावा मिळणारच, रोल नाही काही नाही. त्याहून जास्तीची माहिती हवी असेल तर त्या स्किलचे पॉइंट खर्च करा.

हाइटचा किडा म्हणजे इतिहासातली खरी भोकं शोधायची आणि त्यात काहीतरी वळवळणारं सोडायचं. ते वाचून आम्ही खेळ 1930 च्या दशकातून थोडा पुढे ओढून थेट मुरगाव बंदरात आणला. 1943 च्या मार्चमध्ये इथे 'एरेनफेल्स' नावाचं जर्मन जहाज बुडालं ते तुम्हाला माहीत असेलच, दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगीज गोवा न्यूट्रल म्हणून ते इथे अडकून पडलेलं, त्यावरून चोरून रेडिओ संदेश जायचे आणि कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या राखीव घोडदळातल्या वयस्क मंडळींनी येऊन हल्ला केला. आम्ही फक्त एवढंच विचारलं की रेडिओ सोडून त्या जहाजाच्या पोटात अजून काय होतं. आमच्यातला एकजण कस्टम्समधला पेन्शनीला आलेला कारकून झालेला, त्याच्याकडे बंदूक नाही, धावायला दम नाही, फक्त अकाउंटिंग. तो मालाची यादी वाचतो आणि म्हणतो, हे जहाज कितीतरी महिने जागचं हललेलं नाही, मग इंधन कमी कमी कसं होतंय? कारण अकाउंटिंग आहे म्हटल्यावर मला ते सांगावंच लागलं. मग त्याने एक पॉइंट टाकला, तेव्हा मी सांगितलं की खालची सही तुझ्याच जुन्या साहेबाची आहे. टेबलावर सगळे गप्प. डाईस कुणी उचललाच नव्हता.

वैतागही आहे. मारामारी आली की सगळा हिशेब पॉइंट्सचा, आणि ते संपले की माणूस नुसता बसून राहतो. स्टॅबिलिटी आणि सॅनिटी असे पात्राच्या मनःस्थितीचे दोन वेगळे आकडे सांभाळायचे, त्यातला फरक मला दर वेळी नव्याने समजावून सांगायला लागतो. पण शोधकथा खेळवायची असेल तर मी दुसरं काही सुचवणार नाही.

रॉबिन लॉजचं स्वतःचं एक निवडायचं तर बरेचजण 'हिलफोक' म्हणतील, 2013 चं. त्यात प्रत्येक सीन म्हणजे एकाने दुसऱ्याकडे मनातलं काहीतरी मागायचं आणि दुसऱ्याने द्यायचं की नाही ते ठरवायचं. पेडण्याकडचा दशावतार बघितलेल्याला हे नवीन नाही, आख्यान ठरलेलं, संवाद तिथल्या तिथे. कल्पना जबरदस्त आहे पण आमच्यातले निम्मे लोक अशा वेळी फोन बघायला लागतात, त्यामुळे माझं मत त्याच्या जीएमसाठी लिहिलेल्या छोट्या 'रॉबिन्स लॉज ऑफ गुड गेम मास्टरिंग'ला, 2002 चं, एका बैठकीत वाचून होतं. खेळाडूंचे प्रकार सांगितलेत, त्यातला कॅज्युअल गेमर मला फार आवडतो, म्हणजे जो फक्त मित्रांसोबत बसायला येतो. त्याला मध्ये ओढू नका, बसू दे, एवढंच लॉजचं म्हणणं. आमच्याकडे असा एक आहे, भाजीपाव आणतो, कुणाची भांडणं लागली तर मिटवतो, तो नसला की सेशन होत नाही.

आता ग्रेग स्टॅफर्ड. 1975 ला केऑसियम काढणारा माणूस, ग्लोरँथा नावाची अख्खी दुनिया त्याने आयुष्यभर रचली, 2018 ला गेला. तरी माझ्यासाठी त्याचं एकच पुस्तक आहे, 'किंग आर्थर पेंड्रॅगन', पहिलं आलं 1985 ला. आर्थर राजाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. पण यात स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत, दयाळू-क्रूर, शूर-भित्रा अशा, दोन्हीची बेरीज कायम वीस, एक वाढला की दुसरा उतरला. तुम्ही म्हणता माझा सरदार शत्रूला मारतो, जीएम म्हणतो थांब, दयाळू सोळा आहे ना तुझं, आधी टाक डाईस. सोळा किंवा कमी पडला तर तुमचाच माणूस तुमचं ऐकत नाही. काही लोकांना याचा प्रचंड राग येतो, आमच्याकडे एकाने पुस्तक मिटून ठेवलेलं.

आणि साधारण वर्षाला एक मोहीम, मग विंटर फेज. लग्न, पोरं, शेतसारा, म्हातारपण, आणि घोडा हिवाळ्यात जगला की मेला त्याचाही रोल. सरदार म्हातारा होतो, मरतो, मुलगा पुढे खेळायचा. खरं सांगतो, गोव्यातल्या माणसाला हे पुस्तक समजावून सांगावं लागत नाही, वडिलोपार्जित घर, माडांचं भाट कुणाच्या नावावर, काकाचा मुलगा काय म्हणतो, सगळं यात आहे. घोडा मेला तेव्हा जेवढी हळहळ झाली तेवढी त्या सरदाराच्या बापासाठीपण झाली नव्हती. फक्त हे लांब चालणारं काम आहे, 'ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन' तर 485 पासून 566 पर्यंतची वर्षं एकेक करून खेळवतं, ग्रुप टिकाऊ नसेल तर नादाला लागू नका.

केविन क्रॉफर्डबद्दल पैशांच्या हिशेबाने बोलतो. त्याच्या अंतराळातल्या खेळाची, 'स्टार्स विदाउट नंबर'ची, 2017 ची रिवाइज्ड एडिशन घ्या, तिची फुकट पीडीएफ मिळते आणि फुकट म्हणजे सॅम्पल नव्हे, अख्खा खेळ. मी म्हापशात प्रिंट काढून स्पायरल मारलं, पावसाची भीती नाही, खराब झालं तर परत काढू. याचा किडा म्हणजे जीएमचं घरकाम कमी करायचं. प्रत्येक ग्रहाला दोन टॅग, म्हणजे त्याच्या दोन खासियती, प्रत्येक टॅगखाली शत्रू, मित्र, भानगडी, वस्तू, जागा यांच्या याद्या, दोन्ही एकमेकांत घुसवल्या की संध्याकाळचा खेळ तयार. वाचायला मात्र रुक्ष, आणि पहिल्या लेव्हलची कॅरेक्टरं माशीसारखी मरतात.

ग्रँट हॉविटने एकपानी गेम ढीगभर काढलेत, त्यातला 'हनी हाइस्ट' घ्या आणि बाकी विचार करू नका. तुम्ही अस्वल, मध चोरायचाय, आकडे दोनच, अस्वलपणा आणि गुन्हेगारी, आणि डोक्यावर टोपी. चवथीला मूळ घरी भावंडं जमली, लाईट गेलेली, तेव्हा खेळवला, म्हादईच्या रानातली अस्वलं शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात. सातवीतली भाची मासळीवाल्यांच्या रांगेत अस्वलपणा सहावर जाऊन पूर्ण रानटी झाली, मध कुणाला मिळालाच नाही.

माँटी कुकचं राहिलं. त्याचं 'टॉलस' 2006 चं, एकाच शहरावर सहाशेच्या वर पानं, ते मी फक्त स्क्रीनवर चाळलंय. छापील प्रत गोव्यात कुणाकडे असेल तर सांगा, बघायला येईन, विकत घेणार नाही.